विझडलपासून यामलपर्यंत

पुण्यातल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीत माझा बहुतेक काळ दोन सिस्टिम एकमेकींना जोडण्यात गेला. एकीकडे विमा कंपनीची पॉलिसी सिस्टिम, दुसरीकडे बँकेची हप्तावसुली, मध्ये एसएमएस पाठवणारी तिसरीच कंपनी, आणि या सगळ्यांमधली देवाणघेवाण आमच्या टीमकडे. या कामाला आमच्याकडे नुसतं ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. स्क्रीनवर दाखवण्यासारखं त्यात काही नसतं. पण हप्ता कापला गेला आणि पॉलिसीवर जमा दिसला नाही, तर त्यामागे एक माणूस असतो, त्याचं विमा संरक्षण असतं. म्हणून हे काम मी कधी हलकं मानलं नाही.

या कामात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते एका गोष्टीने: समोरच्या सेवेची व्याख्या एका फाइलमध्ये लिहिलेली असते, आणि त्या फाइलवरून आपल्या बाजूचा कोड आपोआप तयार होतो. कोणती विनंती पाठवायची, तिच्यात कोणती फील्ड्स, उत्तर कसं येणार, चूक झाली तर काय येणार, हे सगळं त्या फाइलमध्ये. जनरेटर ती वाचतो आणि क्लास, फंक्शन, टाइप लिहून देतो. आपण फक्त हाक मारायची.

मी नोकरीला लागले तेव्हा वेब सर्व्हिस म्हटलं की सोप हाच प्रोटोकॉल. तिची व्याख्या डब्ल्यूएसडीएल फाइलमध्ये असायची; ऑफिसात सगळे तिला ‘विझडल’ म्हणत. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा या तीन कंपन्यांनी मिळून केलेली तिची १.१ ही आवृत्ती मार्च २००१ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने नोंद म्हणून प्रसिद्ध केली होती, आणि पुढे २.० आली तरी उद्योगात चालली ती १.१ च. आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच बजावलं, “कमांड नंतर चालव. आधी फाइल वाच. आणि खालून वर वाच.” खालून वर याचा अर्थ असा की शेवटी सर्व्हिसचा पत्ता असतो, त्याच्या वर बाइंडिंग, म्हणजे निरोप कोणत्या वेष्टनात जाणार, त्याच्या वर पोर्ट टाइप, म्हणजे कोणती कामं सांगता येतात, मग मेसेज, आणि सर्वांत वर टाइप्स, एक्सएमएल स्कीमातली सगळी वर्णनं. खालून वाचलं की ‘कुठे, कसं, काय’ या क्रमाने फाइल उलगडते. ही सवय मला अजून आहे.

फाइलवरून कोड निघतो यात काकांना नवल वाटत नसे. त्यांची उमेदीची वर्षं टेलिकॉममध्ये कोर्बावर गेलेली. कोर्बाची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिथेही आयडीएल नावाच्या भाषेत इंटरफेस लिहायचा, कंपायलरला द्यायचा, की एका बाजूला स्टब आणि दुसऱ्या बाजूला स्केलेटन तयार. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, सनच्या आरपीसीसोबत आरपीसीजेन होतं. “फाइलचं नाव बदलतं, गं,” ते म्हणायचे, “भांडण तेच राहतं. दोन्ही बाजूंना एकच शब्द एकाच अर्थाने कळला पाहिजे.”

ते भांडण मी लवकरच पाहिलं. आमची बाजू जावाची, समोरची डॉटनेटची, मुंबईत बसलेली टीम. त्यांनी विझडलचा पत्ता पाठवला. आम्ही कमांड चालवली आणि एरर आली की ‘एस कोलन स्कीमा’ नावाच्या घटकाची व्याख्याच सापडत नाही. फाइल उघडली. त्यांचं फंक्शन ‘डेटासेट’ परत करत होतं. डेटासेट ही डॉटनेटची आपली वस्तू: टेबलं, त्यांचे कॉलम, ओळी, सगळं एकत्र. विझडलमध्ये तिचं वर्णन असं उतरलं होतं: इथे एक स्कीमा येईल, आणि तिच्यामागून काहीही येईल. अक्षरशः ‘एनी’. डॉटनेटच्या क्लायंटला हा संकेत ओळखीचा होता, तो मुकाट्याने डेटासेट बांधायचा. जावाच्या जनरेटरला त्यातून कोणता क्लास करावा हे कळणं शक्यच नव्हतं.

मी मुंबईला फोन लावला.

“सर, तुमच्या विझडलमध्ये उत्तराचा आकारच लिहिलेला नाही. पॉलिसी नंबर, हप्ता, तारीख, काहीच नाही.”

“मॅडम, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय.”

“तुमच्या दोन्ही बाजूंना डॉटनेट आहे, म्हणून चालतंय.”

तिकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग ते म्हणाले, “मग तुम्हाला नक्की काय हवं ते लिहून पाठवा.” ते गृहस्थ चांगले होते. जनरेटरला एक्सएमएल स्कीमाचीच स्कीमा वेगळी पुरवून ती एरर घालवण्याची एक युक्ती होती, पण तिच्याने कोड कंपाइल झाला असता एवढंच. हातात आलं असतं ते बेनाम एक्सएमएलचं गाठोडं. आम्ही ती केली नाही. हव्या त्या फील्ड्सची यादी, प्रत्येकाचा टाइप, कोणतं रिकामं येऊ शकतं, हे लिहून पाठवलं. त्यांनी डेटासेटच्या जागी साधा क्लास परत करायला सुरुवात केली, आणि जाता जाता ‘टेम्पयुरी’ हा डॉटनेटने आपोआप भरलेला तात्पुरता नेमस्पेसही बदलला. नवीन विझडलवर कमांड पहिल्या फटक्यात चालली. त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं आहे: जनरेटर अडखळला की त्याच्याशी झटापट करण्याआधी व्याख्या पाहावी. तो बहुधा बरोबर जागी बोट ठेवत असतो.

तयार झालेला कोड देखणा नसायचा. तारखेसाठी ‘एक्सएमएल ग्रेगोरियन कॅलेंडर’ असा लांबलचक टाइप, ऐच्छिक फील्डभोवती जेएएक्सबी एलिमेंटचं वेष्टन, आणि यादी असेल तिथे सेटरच नाही. वर इंग्रजीत टिप्पणी की ही यादी जिवंत आहे, हिची प्रत नव्हे. नवीन मुलं तो कोड पाहून हात शिवशिवल्यासारखी त्यात सुधारणा करायला जात. आमच्या टीमचा नियम मात्र कडक होता. जनरेट झालेल्या फाइलला हात लावायचा नाही, ती बिल्डच्या फोल्डरमध्येच तयार होईल आणि तिथेच राहील. आपल्याला हवं ते आपल्या वेगळ्या क्लासमध्ये. ज्या टीमनी हा नियम पाळला नाही, त्यांच्याकडे पुढच्या जनरेशनला हाताने केलेल्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या आणि मग भीतीपोटी कोणी पुन्हा कमांडच चालवेना. विझडल पुढे जात राहिली, कोड जुन्या आवृत्तीवर थांबला.

जनरेटरची आवृत्ती बिल्डमध्ये पक्की लिहून ठेवायची, हाही त्यातलाच नियम. जावा ६ सोबत २००६ मध्ये आलेली डब्ल्यूएसइम्पोर्ट ही कमांड २०१८ च्या जावा ११ मधून काढून टाकली, तेव्हा कित्येकांचे बिल्ड फुटले. आमच्याकडे ती वेगळ्या प्लगइनमधून ठरलेल्या आवृत्तीची येत होती, म्हणून आमचा दिवस शांत गेला.

मधल्या काळात सोप मागे पडलं. रेस्ट आलं, जेसन आलं, आणि सगळ्यांना मोकळं वाटलं. मलाही वाटलं. एक्सएमएलच्या जंजाळातून सुटका होती ती. पण त्या सुटकेत व्याख्येची फाइलच नाहीशी झाली. तिच्या जागी पीडीएफ आली. ज्यांनी बँकांशी किंवा सरकारी यंत्रणांशी इंटिग्रेशन केलंय त्यांना ही पीडीएफ डोळ्यांसमोर येईल: पहिल्या पानावर लोगो, मग आवृत्तींचा तक्ता, मग फील्ड्सचे तक्ते. ‘मँडेटरी’च्या रकान्यात वाय, एन आणि काही ठिकाणी सी. सी म्हणजे कंडिशनल, पण कंडिशन कोणती हे कुठेच नाही. तक्त्यात रक्कम ‘न्यूमेरिक’, खालच्या नमुन्यात तीच अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग. आणि नमुना वर्डमध्ये लिहिलेला असल्यामुळे अवतरणचिन्हं वळणदार झालेली. तो जेसन उचलून कुठल्याही पार्सरला द्या, पहिल्याच अवतरणचिन्हाला अडतो. अशा कागदावरून आम्ही क्लायंट हाताने लिहिले. प्रत्येक फील्ड वाचा, टाइप करा, चाचणी करा, फोन करा. काम जड होतं म्हणून मी हे सांगत नाही. त्या कागदात आणि चालू सेवेत फरक पडला तर तो कळण्याचा मार्गच नव्हता, हे मला सलायचं.

म्हणून स्वॅगर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जुनी ओळखीची व्यक्ती भेटल्यासारखं झालं. वर्डनिक नावाच्या शब्दकोशाच्या वेबसाइटवर काम करताना टोनी टॅम यांनी ते सुरू केलं आणि २०११ मध्ये खुलं केलं. पुढे २०१५ च्या शेवटी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनएपीआय इनिशिएटिव्ह उभं राहिलं आणि या वर्णनाचं नाव ओपनएपीआय झालं, ३.० ही आवृत्ती २०१७ ची, ३.१ ही २०२१ ची. आता फाइल यामलची होती, माणसाला वाचता येणारी. पाथ, त्याखाली गेट किंवा पोस्ट, त्याखाली पॅरामीटर, उत्तरं, आणि शेवटी सगळे स्कीमा. तिच्यावरून कोड काढणारं स्वॅगर कोडजेन होतं. २०१८ च्या मे महिन्यात त्याच्याच चाळीसहून अधिक प्रमुख योगदात्यांनी वेगळं होऊन ओपनएपीआय जनरेटर सुरू केला. आम्ही त्याच्याकडे वळलो.

पण फाइल परत आली तरी ती लिहिण्याची शिस्त परत आली नव्हती. बऱ्याच टीम आधी कोड लिहायच्या आणि एखाद्या लायब्ररीकडून त्यातून यामल काढून घ्यायच्या. अशी एक फाइल आमच्याकडे आली. तिच्यात ऑपरेशन आयडी होते ‘गेट युजिंग गेट’, ‘गेट युजिंग गेट अंडरस्कोर १’, ‘अंडरस्कोर २’. जनरेटर फंक्शनची नावं ऑपरेशन आयडीवरून ठेवतो, त्यामुळे आमच्या कोडमध्ये पॉलिसी आणण्याचं फंक्शन ‘गेट युजिंग गेट १’ आणि दावा आणण्याचं ‘गेट युजिंग गेट २’. ज्या उत्तरांच्या स्कीमाला नावच दिलेलं नव्हतं त्यांना जनरेटरने ‘इनलाइन रिस्पॉन्स २००१’, ‘२००२’ अशी नावं लावली. २०० हा एचटीटीपीचा कोड आणि पुढचा आकडा अनुक्रमांक. मग समोरच्यांनी मध्येच एक नवा एंडपॉइंट टाकला. सगळे अनुक्रमांक एकाने सरकले. कालचा ‘अंडरस्कोर १’ आज ‘अंडरस्कोर २’ झाला. दोन्ही फंक्शन एकच पॅरामीटर घेणारी, त्यामुळे कंपायलर काही ठिकाणी बोललाच नाही. चाचण्यांनी ते पकडलं हे खरं, पण पकडायला चाचण्या लागाव्यात अशी ती गोष्ट नव्हती. ऑपरेशन आयडी हा माणसाने विचार करून द्यायचा असतो. ते समोरच्या प्रोग्रामरच्या तोंडी बसणारं नाव आहे.

तारखेचा प्रसंग मात्र मी नवीन मुलांना नेहमी सविस्तर सांगते, कारण तिथे व्याख्या अचूक होती. जन्मतारखेचं फील्ड, टाइप स्ट्रिंग, फॉरमॅट ‘डेट’. ‘डेट-टाइम’ नव्हे, नुसती ‘डेट’. हे योग्यच. माणसाच्या जन्मतारखेला टाइम झोन नसतो. सर्व्हरच्या बाजूला जावाच्या जनरेटरने ‘लोकल डेट’ दिला, तोही योग्य. ब्राउझरच्या बाजूला टाइपस्क्रिप्टचा क्लायंट होता, आणि त्या जनरेटरच्या साच्याने त्या फील्डला जावास्क्रिप्टचा ‘डेट’ दिला. जावास्क्रिप्टचा डेट म्हणजे तारीख नव्हे, तो काळातला एक क्षण. ग्राहकाने कॅलेंडरवर १५ जून निवडली की तयार होतो १५ जूनच्या मध्यरात्रीचा क्षण, भारतीय वेळेनुसार. पाठवताना तयार कोड त्याची आयएसओ स्ट्रिंग करायचा, जी यूटीसीत असते, आणि पहिली दहा अक्षरं कापून पाठवायचा. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे तो क्षण यूटीसीत आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाचा. दहा अक्षरं कापली की उरते १४ जून.

प्रत्येक ग्राहक एक दिवसाने मोठा होत होता. विम्यात वय हा हप्त्याचा पाया. ज्यांचा वाढदिवस नेमका सीमेवर, त्यांचा हप्ता बदलत होता. आणि आमच्या स्वयंचलित चाचण्या सगळ्या हिरव्या. कारण त्या क्लाउडवरच्या मशिनवर चालायच्या, तिथलं घड्याळ यूटीसीवर. तिथे स्थानिक मध्यरात्र आणि यूटीसीची मध्यरात्र एकच. टेस्टिंगमधल्या एका मुलीने स्वतःचीच जन्मतारीख टाकून पाहिली आणि ती माझ्याकडे आली, “मॅडम, माझा वाढदिवस मागे गेलाय.” तिने ते नजरेआड केलं नाही याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे, कारण पायलट चालू व्हायला फार वेळ उरला नव्हता. उपाय छोटा निघाला. जनरेटरला टाइप मॅपिंग देऊन सांगितलं की फॉरमॅट ‘डेट’ आला तर तो स्ट्रिंगच ठेव, त्याचा क्षण करू नकोस. आणि चाचण्यांच्या मशिनवर एक फेरी यूटीसीची, एक भारतीय वेळेची अशी लावली.

तेव्हापासून मी जनरेट झालेला कोड वाचते. हात लावत नाही, पण वाचते. नवा जनरेटर घेतला की त्याच्याकडून तारीख, पैसे, मोठे पूर्णांक आणि रिकामं फील्ड या चार गोष्टींचा कोड काढून घ्यायचा आणि ओळ न ओळ तपासायचा. पूर्णांकांचं उदाहरण तर जगजाहीर आहे. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक अचूक राहीलच याची हमी नाही. त्याच्यापेक्षा एकाने मोठा आकडा जेसनमधून आला तर वाचताना शेवटचा अंक बदलतो. ट्विटरने २०१० मध्ये आपल्या आयडीसोबत तोच आयडी स्ट्रिंगमध्येही द्यायला सुरुवात केली ती याचसाठी. व्यवहार क्रमांक कितीही आकडी दिसला तरी त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. तो स्ट्रिंगच असावा.

एनमचा, म्हणजे ठरलेल्या मूल्यांच्या यादीचा, विषय भांडणाचा आहे. व्यवहाराची स्थिती: यशस्वी, अयशस्वी, प्रलंबित. जनरेटर त्याचा बंदिस्त एनम करतो. यूपीआयच्या जगात ‘डीम्ड’ अशीही एक स्थिती असते, पैसे गेले असं धरून चालायची. एके दिवशी समोरच्या सेवेने तीही पाठवायला सुरुवात केली. आमच्या तयार कोडला ते मूल्य माहीत नाही, तो अपवाद फेकतो, आणि पूर्ण उत्तर वाया जातं, आतली रक्कम-तारीखही. त्यांचं म्हणणं, “आम्ही फक्त एक मूल्य वाढवलं, काही काढलं नाही.” माझ्या मते उत्तरात नवं मूल्य वाढवणं हा कराराचाच बदल आहे आणि तो आधी कळवायलाच हवा. पण घेणाऱ्यानेही जनरेटरला अनोळखी मूल्यासाठी एक जागा ठेवायला सांगावं. तशी सोय असते. दोघांनी आपापलं केलं तर रात्रीचे फोन वाचतात.

आता आमच्याकडे पद्धत अशी आहे. एंडपॉइंटचा कोड लिहिण्याआधी यामल लिहायचं आणि ते कोडसारखंच रिव्ह्यूला टाकायचं. रिव्ह्यूला विमा समजणारा एक माणूस असलाच पाहिजे. ‘सम अश्युअर्ड’ आणि ‘प्रीमियम’ यांत रुपये की पैसे हे त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. मग त्या फाइलवर लिंटर चालतो, ऑपरेशन आयडी नसेल किंवा स्कीमा बेनाम असेल तर तो अडवतो. जुन्या आणि नव्या फाइलची तुलना करणारं साधन बिल्डमध्ये आहे. एखादं फील्ड काढलं किंवा ऐच्छिकचं सक्तीचं केलं तर बिल्ड तिथेच थांबतो. सर्व्हरचे इंटरफेस आणि क्लायंट दोन्ही त्याच एका फाइलवरून निघतात. काकांचं भांडण आता मीटिंगमध्ये होतं, यामलच्या एकेका ओळीवर, आणि ते तिथेच झालेलं बरं.

अलीकडे मुलं विचारतात, एआयला पीडीएफ दिली तर तो क्लायंट लिहून देतो, मग जनरेटर कशाला? यामलचा पहिला कच्चा मसुदा करायला मी एआय जरूर वापरते. पण जनरेटरला तीच फाइल दिली की आवृत्ती तीच असेपर्यंत तोच कोड येतो, आज आणि वर्षानंतरही. फाइलमध्ये जे लिहिलेलंच नाही ते तो मनाने भरत नाही. पैशाच्या व्यवहारात मला ही खात्री लागते.

बँकेत, विमा कंपनीत, सरकारी यंत्रणेत बसून जे आपली सेवा इतरांसाठी खुली करतात, त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. पीडीएफ जरूर द्या, ती वाचायला बरी पडते. पण तिच्यासोबत ओपनएपीआयची फाइल द्या, तुमची सेवा प्रत्यक्षात ज्या फाइलवर चालते तीच. तिच्यावर आवृत्तीचा क्रमांक घाला, बदल केलात तर तो क्रमांक वाढवा, आणि जुनी फाइल काढून टाकू नका.